नाल्याकाठचा पिवळा रंग : आमच्या हरकतीचा अनुभव

मास्टर प्लॅनच्या, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करायचं हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्याच्या मसुद्यात आमचं शिवार पिवळं दाखवलंय, हे गावात कळलं ते ऐन रोपलावणीत. बेळगावला लागून असलेल्या आमच्यासारख्या गावांत हे रंग आता शेतकऱ्यांना पाठ झालेत. हिरवं म्हणजे शेती, पिवळं म्हणजे रहिवासी.

घरांना आमचा विरोध नव्हता. गावातल्याच पोरांना घराला जागा उरली नाही, खरेदीची नोंदणी न होता नुसत्या बॉण्ड पेपरवर गुंठा-दोन गुंठे घेऊन ती अडकून पडतात. विरोध होता तो नाल्याकाठच्या खोलगट रानात वस्ती करण्याला. तिथं पावसाळाभर पाणी थांबतं म्हणून भात होतो, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर येतो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांनी पाहिलेला. त्याच पाण्यात घरं उभी करायची?

कर्नाटकात १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत हरकती देता येतात. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात, गावाला कळलेल्या तारखेपासून नाही. आमचे बरेच दिवस असेच गेले होते. माहिती अधिकारात नकाशा मागावा, तर उत्तराला ३० दिवस. म्हणून आम्ही थेट कार्यालयात जाऊन नकाशा पाहिला, मोबाईलवर फोटो काढले आणि रात्री देवळात पंच कमिटीपुढे ठेवले.

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहून काही होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. युवक मंडळाची पोरं ‘दिशांक’ अ‍ॅप उघडून बांधाबांधानं फिरली. उभं राहिलेल्या जागेचा सर्व्हे नंबर त्यात दिसतो. कुठल्या नंबरात पाणी कुठवर चढतं, हे म्हाताऱ्यांनी दाखवलं आणि पोरांनी लिहून घेतलं. ज्याचं रान त्याची वेगळी हरकत, सोबत उतारा आणि पुराचा फोटो. शिवाय ग्रामसभेचा ठराव. बायकांच्या सह्यांसाठी आम्ही मुद्दाम घरोघर गेलो. लावण, भांगलण त्याच करतात, पण उताऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच असतं.

अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा यावरून गावात बराच वाद झाला. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तो हक्क सोडायचा नाही म्हणून अर्ज मराठीत दिला. साहेबांना नीट वाचता यावा म्हणून कन्नड प्रतही जोडली. मला हेच योग्य वाटतं. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय कुणी खिडकी सोडली नाही.

सुनावणीला शेजारच्या आक्का बोलल्या. “साहेब, भादव्यात एकदा येऊन उभं ऱ्हावा. गुडघ्याच्या वर पाणी आलं नाही तर आमचा अर्ज फाडून टाका.” अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे नकाशा ठेवला आणि नाला नेमका कुठून वळतो ते विचारलं. नकाशात तो सरळ रेघ होता.

पुढच्या नकाशात नाल्याकाठची पट्टी पुन्हा हिरवी झाली. वरचं मुरमाड रान पिवळंच राहिलं, आणि ते बरोबर आहे, घरं तिथंच व्हावीत. पण कायदा आम्हाला विचारतो तो रेघा मारून झाल्यावर, याचं मला फार वाईट वाटतं. मसुदा करतानाच ग्रामसभेत एक बैठक घेतली असती, तर नाल्याचं वळण पहिल्याच दिवशी कळलं असतं. हा आराखडा दर दहा वर्षांनी सुधारायचा असतो. पुढच्या वेळी आधी बैठक घ्या, अशी लेखी मागणी पंचायतीतर्फे आताच दिली आहे.

शिवारात जायची जुनी पाणंद मात्र अजून नकाशात नाही. ती बंद झाली तर मागच्या रानात बैलगाडीसुद्धा जाणार नाही. त्यासाठी सुगीनंतर मोजणी मागवायचं ठरलंय, खर्चाची वर्गणी गोळा होतेय.