खडखड डाव्या चाकाची

गणपती गेले आणि गाडी खडखडायला लागली. एलबीएस मार्गाने भांडुपहून घाटकोपरला जाताना पेव्हर ब्लॉक आले की डाव्या चाकातून आवाज, आणि गाडी सरळ जात असली तरी स्टिअरिंग तिरकं. पहिल्या गॅरेजवाल्याने चाकाला हातही न लावता सांगितलं, ‘स्टिअरिंगचं रॅक गेलंय, अख्खं बदला.’ आकडा ऐकून मी तिथून सटकलो.

आमच्या मागच्या चाळीतल्या काकांची हयात काळ्या-पिवळ्या पद्मिनी दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, काही नाही. डावी-उजवीकडून हलवलं, तर ‘टक!’

‘वर-खाली हललं असतं तर बेअरिंग नाहीतर खालचा बॉल जॉइंट. हा टाय रॉड एंड. बोट ठेव इथं.’

ठेवलं. प्रत्येक हिसक्याला बोटाखाली लोखंड उडत होतं.

स्टिअरिंग फिरवलं की त्याच्या दांड्याच्या टोकाचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, रॅक नावाच्या दातेरी पट्टीला आडवं सरकवतं आणि रॅकच्या दोन टोकांचे टाय रॉड चाकं ढकलतात, ओढतात. टाय रॉडच्या टोकाला वाटीत गोळा असतो, म्हणून चाक खड्ड्यात आदळलं तरी दांडा अडत नाही. माझ्या वाटीवरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला होता. पावसाने ग्रीस धुऊन नेलं होतं, आत नुसता तांबूस गाळ. जुन्या गाड्यांना ग्रीस गन मारता यायची. हा सीलबंद, थेट बदलायचाच.

नट काढला तरी एंड हलेना. काकांनी चाकाकडच्या आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे एंड ज्या भोकात बसतो तिथं, बाजूने हातोडीचे दोन ठोके दिले, तेव्हा सुटला. मग लॉकनट सैल करून तो उलटा फिरवत काढला. ‘फेरे मोज!’ सतरा भरले. मी खडूने टायरवरच लिहिले. नवा तेवढेच फेरे आत. नट फिरू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळेना म्हणून मी नट मागे घेणार, तोच ओरडा बसला: ‘आवळूनच जुळव. आणि पिन नवी घाल.’

फेरे जुळले तरी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. ती केल्यावर स्टिअरिंग सरळ झालं. डाव्या टायरची आतली कड मात्र टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कल, बिघडल्याने केव्हाच घासून गुळगुळीत झाली होती. त्याचा खर्च एंडच्या कितीतरी वर गेला.

उजवा बूट तेव्हा धड होता म्हणून सोडला. परवा वाकून चाचपला, तर घडीत बारीक भेग.