जांभ्याच्या ओटीवर ओव्हरकोट

कोकणातल्या एका घराचा व्ह्यू. जांभ्याचं जोतं, उतरतं कौलारू छप्पर, समोर सारवलेलं अंगण, कडेला दोन माड. आणि ओटीच्या पायरीशी गुडघ्याखाली पोचणारा ओव्हरकोट घातलेली, गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळलेली एक गोरी बाई. हातात कुत्र्याचा पट्टा. मागच्या फणसाला फळं लगडलीत, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे. आर्किटेक्चरच्या शीटांवर ही बाई वर्षानुवर्षं हिंडते आहे. स्वीडिश लोक अशा कापून चिकटवलेल्या माणसांना 'स्काल्गुब्बर' म्हणतात, म्हणजे प्रमाण दाखवणारी माणसं. जालावर त्यांचे संग्रह मिळतात, ही बाई त्यातल्याच कुठल्यातरी संग्रहातून आलेली. तिला बिचारीला रत्नागिरीचा उकाडा सोसवतो कसा, हे ती आणि तिचा कुत्राच जाणोत.

कोलाज म्हणजे मुळात चिकटवणं. शाळेतला घोटीव कागद, वाटीतली खळ आणि शर्टाच्या बाहीला लागलेले पांढरे डाग ज्यांना आठवतात, त्यांना ही कला नव्याने शिकवायला नको. रेंडर, म्हणजे संगणकानं काढलेलं फोटोसारखं चित्र, आपलं खोटेपण लपवायला धडपडतं. कोलाज म्हणतं, हो, चिकटवलंय. १९४२ साली वास्तुकार मीस व्हान डर रोहनं संगीत सभागृहाची कल्पना मांडायला आल्बर्ट कान या दुसऱ्या वास्तुकाराच्या विमान कारखान्याचा फोटो घेतला आणि त्यावर कागदाचे सपाट तुकडे डकवून भिंती आणि छतं उभी केली. छोट्या शहरासाठीच्या संग्रहालयाच्या त्याच्या चित्रात पिकासोचं गेर्निका हीच भिंत झाली. आज मेक्सिकोच्या वास्तुकार तातियाना बिलबाओंच्या कार्यालयानं रेंडर सोडून कोलाज धरलंय. त्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. गुळगुळीत रेंडर दाखवलं की गिऱ्हाईक विचारतं, "ही टाइल कुठल्या कंपनीची?" कोलाज दाखवलं की विचारतं, "इथे बसायला जागा आहे का?" कामाच्या पहिल्या महिन्यात यातला दुसरा प्रश्न हवा असतो.

या धाटणीला समोरासमोरचा, लांब जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळणारा व्ह्यू आवडतो. त्याचं कारण सौंदर्यशास्त्रात कमी आणि आळसात जास्त आहे. भिंतीकडे काटकोनात बघितलं की समोरच्या भिंतीवर जांभ्याचा फोटो जसाच्या तसा बसतो, ओढाताण करावी लागत नाही. वळवावं लागतं ते फक्त जमिनीला, छताला आणि बाजूच्या भिंतींना.

स्केचअपमध्ये, म्हणजे घराचं त्रिमिती मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मॉडेल साधंच ठेवायचं. कौलं, चिरे, गज यातलं काही काढायचं नाही, ते सगळं नंतर फोटोतून येतं. एक सीन, म्हणजे कॅमेऱ्याची एक जागा, पक्का करायचा आणि त्या एकाच सीनमधून तीन चित्रं बाहेर काढायची. पहिलं नुसत्या रेषांचं. दुसरं नुसत्या रंगांचं, त्यात रेषा आणि सावल्या बंद. तिसरं सगळं पांढरं, फक्त सावल्या चालू. ए-थ्री शीट ३०० डीपीआयला छापायची तर रुंदी ४९६१ पिक्सेल, उंची ३५०८. तिन्ही चित्रं निघेपर्यंत खिडकीचा आकार बदलायचा नाही, बाजूची पट्टी उघडायचीसुद्धा नाही. चित्राची चौकट स्क्रीनच्या चौकटीवरून ठरते. मध्येच पट्टी उघडली की तिसरं चित्र पहिल्या दोघांवर बसत नाही, आणि का बसत नाही हे शोधण्यात दुपार जाते.

रंगांच्या चित्रात प्रत्येक वस्तूला वेगळा आणि भडक रंग द्यायचा. भिंत जांभळी, छप्पर पोपटी, अंगण राणी. पाहुणे आले तर स्क्रीन झाकावा असे. हे चित्र दाखवायचं नसतं, निवडायला वापरायचं असतं. मात्र स्केचअप आपल्या मनानं एकाच रंगाचे पृष्ठभाग दिशेनुसार गडद-फिके करतं, आणि मग एका रंगाचा भाग निवडणारी फोटोशॉपची जादूची कांडी (मॅजिक वाँड) निम्मंच छप्पर उचलते. त्यावर उपाय सावल्यांच्या पट्टीत आहे. 'यूज सन फॉर शेडिंग' चालू करायचं, लाइट ०, डार्क ८०. रंग सपाट होतात. एक्सपोर्ट करताना अँटी-अलायझिंग, म्हणजे कडांचे रंग एकमेकांत मिसळणं, बंद. फोटोशॉपमध्ये कांडीचा टॉलरन्स ०, 'कंटिग्युअस' बंद. एका टिचकीत खांबांच्या मागेपुढे विखुरलेली सगळी भिंत निवडली जाते.

सावल्यांच्या चित्रात ओव्हरकोटाहून मोठी गंमत दडलेली असते. मॉडेलला ठिकाण सांगितलं नाही तर स्केचअप ते अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावचं समजतं. बाई परदेशी, वर ऊनही परदेशी. बोल्डर ४० अक्षांशावर, रत्नागिरी १७ वर. मेच्या मध्यावर भर दुपारी दहा फुटी खांबाची सावली बोल्डरला पावणेचार फूट पडते. रत्नागिरीत ती चार इंचांवर येते, आणि तीही दक्षिणेकडे. म्हणून आधी ठिकाण भरायचं, मग सकाळचे नऊ नाहीतर संध्याकाळचे पाच धरायचे. दुपारच्या सावलीत कोकणात दाखवण्यासारखं काही उरत नाही.

सावल्यांचं हे चित्र फोटोशॉपमध्ये सगळ्यांच्या वर, 'मल्टिप्लाय' या मिश्रणाच्या प्रकारात ठेवायचं. मल्टिप्लायमध्ये पांढरं नाहीसं होतं आणि गडद तेवढं उरतं. अपारदर्शकता ४० टक्क्यांच्या आसपास. करड्या सावलीला किंचित तपकिरी किंवा निळी झाक द्यावी, नाहीतर अंगणात काजळी सांडल्यासारखी दिसते.

आता जांभा. फोटोचा लेयर टाकायचा, भिंतीची निवड मास्क म्हणून, म्हणजे बाहेरचं झाकणारा मुखवटा म्हणून, लावायची आणि लेयर व मास्क यांच्यातली साखळी सोडायची. साखळी तशीच राहिली तर दगड सरकवताना भिंतही सरकते. मग चिरे मोजायचे, अक्षरशः बोटानं. जोडासकट चिरा साधारण आठ इंच उंच धरला तर दहा फुटी भिंतीत पंधरा थर बसतात. स्क्रीनवर सहा थर दिसले तर ते घर नाही, किल्ला आहे. चाळीस दिसले तर खडूचा डबा. प्रमाण चुकलेली भिंत कुणाला सांगता येत नाही, पण खोली अचानक बाहुलीघरासारखी वाटू लागते. कौलांचंही तसंच. तीस अंशांचा उतार लांबून समोरून पाहिला तर त्याची लांबी निम्मी दिसते, म्हणून कौलांचा फोटो कंट्रोल-टीनं उभ्यात निम्मा दाबायचा, जवळून पाहायचं असेल तर आणखी थोडा.

जमीन शहाबादी फरशीची असेल तर प्रत्येक सांधा त्या एका बिंदूकडे धावला पाहिजे. एकही चुकला तर नजर तिथेच ठेचकाळते. सारवलेल्या अंगणाला सांधेच नसतात, ही शेणाची कृपा. पण सारवणावर हाताच्या फेऱ्यांचे अर्धगोल उमटलेले असतात. ते जवळ मोठे आणि दूर लहान, चपटे होत गेले पाहिजेत. एकाच मापाचे अर्धगोल शेवटपर्यंत राहिले तर अंगण उभं राहतं आणि भिंतीवर चढतं.

माणसं सगळ्यात शेवटी. इथे एकच रेष सांभाळायची, क्षितिजाची, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची. स्केचअपचं 'पोझिशन कॅमेरा' अंगणात टिचकी मारली की डोळ्यांची उंची आपणहून साडेपाच फूट धरतं. मग अंगणात कुठेही, जवळ किंवा लांब, माणसाचे पाय टेकतात तिथपासून क्षितिजापर्यंतचं अंतर साडेपाच फूट. म्हणून साडेपाच फुटी माणसाचं डोकं कुठेही उभं केलं तरी त्याच रेषेला टेकतं. साडेतीन फुटांचं पोर त्या अंतराच्या दोन तृतीयांशाला जरा कमी. सगळ्यांची चूक होते ती ओटीवर. जोतं दोन फुटांचं असेल तर ओटीवर उभ्या बाईच्या पायांपासून क्षितिजापर्यंत उरतात साडेतीन फूट, म्हणजे तिची कंबर जेमतेम रेषेखाली आणि डोकं बरंच वर. तिलाही अंगणातल्यांच्या रांगेत डोकं टेकवून बसवलं की ती एकदम ठेंगणी होते. ओटीच्या कडेवर पाय सोडून बसलेल्या आजोबांचे डोळे मात्र रेषेच्या फूटभर खाली येतात.

ओव्हरकोट नको असेल तर फोटो आपणच काढावेत, विचारून. ढगाळ दिवस उत्तम. कडक उन्हातल्या माणसाच्या तोंडावर एका बाजूची सावली असते, आणि आपल्या घरातलं ऊन नेमकं दुसऱ्या बाजूचं निघतं. मोबाइलनं दोन हातांवरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय बारीक येतात, म्हणून पंधरा-वीस फूट मागे जायचं. कापल्यावर कडेला मूळ पार्श्वभूमीची पांढुरकी झालर उरते. फोटोशॉपच्या मॅटिंगमधलं 'डीफ्रिंज', एक पिक्सेल, ती घालवतं. कोलाजमध्ये कात्रीचा कोनेरी काठ शोभतो, मुद्दाम ठेवावा. झालर हा कात्रीचा काठ नाही, निष्काळजीपणाचा आहे. पायाखाली मऊ ब्रशनं बोटभर सावली द्यायची, नाहीतर माणूस अंगणावर तरंगतो.

काही जण फोटोऐवजी पहाडी लघुचित्रांतली माणसं कापून बसवतात. दिसतं सुरेख, पण लघुचित्रात सगळ्यांना बांधणारं डोळ्यांच्या उंचीचं क्षितिज नसतं. लांबचा माणूस सहसा लहान होत नाही, नुसता वर सरकतो. तो यथार्थदर्शनात (पर्स्पेक्टिव्हमध्ये) घातला की हटवादी पाहुण्यासारखा वागतो, कुठल्याच रेषेला जुमानत नाही. त्याला पॅरलल प्रोजेक्शनमधलं एलेव्हेशन, म्हणजे लांबचंही लहान न होणारं समोरचं सपाट चित्र, द्यावं, तिथे तो रमतो. पुण्यात जन्मलेल्या वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी आपल्या प्रकल्पांची चित्रं लघुचित्रांच्या धाटणीत करवून घेतली, त्यात इमारतही माणसांच्याच रीतीनं काढलेली आहे. दोघांचे कायदे एक, म्हणून भांडण नाही.

आणि माणसं अजिबात जमत नसतील तर पायरीशी चपलांचे दोन जोड ठेवावेत. घरात माणसं आहेत हे तेवढ्यानं कळतं, आणि चपलांना चेहरा, कपडे, ऋतू काही लागत नाही. चप्पल दहा इंचांची. त्या जागी साडेपाच फुटांचे ९०० पिक्सेल होत असतील, तर आडवी ठेवलेली चप्पल १३६ पिक्सेल लांब, आणि जमिनीवर असल्यामुळे उभ्यात अगदी चपटी. वरून काढलेला फोटो चालत नाही, चप्पल भिंतीला टांगल्यासारखी दिसते. अंगणात तिच्यापासून पाच-सात पावलं मागे उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून काढावा. जोड जरा वाकडेतिकडे ठेवले तर जास्त खरे वाटतात. फक्त एक चप्पल उलटी पडू देऊ नये. शीटा तपासणाऱ्या ज्युरीत कुणी पर्स्पेक्टिव्ह तपासो न तपासो, "घरात भांडणं होतील" म्हणणारं एक माणूस हमखास असतं.