पहाटे चारचं तापमान

आधी खुलासा. आम्ही घरात पाळलेला साप हा आपल्या रानातला अजगर नव्हे. हा बॉल पायथन, मूळचा घाना-टोगो-बेनिनकडचा, पूर्ण वाढला तरी चार-साडेचार फूट. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत खुपसतो, म्हणून बॉल. आम्ही नाव ठेवलं बाळू. पुढे डॉक्टरांनी मादी असल्याचं सांगितलं, पण तोवर नाव रुळलं होतं, आणि मी अजूनही 'तो'च म्हणते. माझी आई बत्तीस शिराळ्याच्या बाजूची, नागपंचमी बघत वाढलेली. तिने फोनवर एवढंच विचारलं, "रात्री काय करता त्याचं?" नेमकं दुखणं तिथेच निघालं.

आम्ही शिकागोत जुन्या विटांच्या इमारतीत राहतो, तिसरा मजला, उत्तरेचा कोपरा. तळघरात बॉयलर, त्याची वाफ घराघरातल्या लोखंडी रेडिएटरमध्ये येते. बॉयलरचं बटण मालकाच्या ऑफिसकडे. साप पाळायची लेखी परवानगी आम्ही भाडेकरारातच घेतली होती, आणि तो शहाणपणा पुढे कामी आला.

काचेची पेटी, दिवा, लपायला दोन जागा, पाण्याचं पसरट भांडं, हे सगळं एका शनिवारात झालं. गरम बाजू 88 ते 90 फॅरेनहाइट, म्हणजे 31-32 सेल्सियस. रात्री थोडं उतरलं तरी चालतं, पण 75च्या, म्हणजे 24 सेल्सियसच्या खाली जाऊ द्यायचं नाही. दुकानदाराने रात्रीसाठी लाल बल्ब गळ्यात मारला, "सापाला लाल दिसत नाही" म्हणून. बाळूला बरोबर दिसत होतं. आठवडाभर तो रात्री बाहेरच आला नाही. रात्री उजेड नको, नुसती ऊब हवी. त्यासाठी चिनी मातीचा हीटर मिळतो, बल्बसारखा होल्डरमध्ये बसतो आणि अजिबात प्रकाश देत नाही. तो आणला आणि आम्ही निर्धास्त झालो.

जानेवारीत बाळूने उंदीर नाकारला. हे साप अधूनमधून उपास धरतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा नाकारला तेव्हाही नाही. मग एका सकाळी त्याच्या श्वासातून बारीक शिट्टी ऐकू आली आणि नाकपुडीशी बुडबुडा दिसला. डॉक्टरांनी श्वसनमार्गाचा संसर्ग सांगितला, दर 72 तासांनी द्यायची इंजेक्शनं दिली, ती टोचायला शिकवलं, आणि विचारलं, "रात्रीचं तापमान किती असतं?"

मी ठसक्यात म्हटलं, "78."

"कधी बघता?"

"झोपताना. अकराला."

"पहाटे चारला बघा."

कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर आणला, एक पेटीत, एक खोलीत. दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर पेटीतला नीचांक 67 आणि खोलीतला 57, म्हणजे 14 सेल्सियस. आम्ही दोन दुलयांखाली झोपलेलो, आम्हाला कळणार कसं? सापाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. तो थंड पडला की पचन मंदावतं, प्रतिकारशक्तीही मंदावते, मग वरून इंजेक्शनं टोचा नाहीतर काही करा. खोलीच 57वर गेली तर जाळीच्या झाकणाची पेटी तो हीटर एकटा किती तापवणार?

इथून ऑफिसचं महाभारत सुरू झालं.

तक्रार ऑनलाइनच करायची असा नियम. यादीत दोनच पर्याय: 'हीट येत नाही' आणि 'हीट जास्त येते'. 'रात्री येत नाही' असा पर्यायच नाही. पहिला निवडला. दोन दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, एक माणूस आला, रेडिएटरवर तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक रोखली, आकडा बघून खूश झाला, गेला. संध्याकाळी ईमेल: तक्रार सोडवली. पुन्हा तक्रार केली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं की थंडी रात्री पडते. चार दिवसांनी तोच माणूस, तीच बंदूक, वेळ दुपारी साडेबारा. ईमेल: तक्रार सोडवली. तिसऱ्या वेळी तर कुणी आलंच नाही, 'याआधी सोडवलेली तक्रार' म्हणून ती आपोआप बंद झाली.

मग मी स्वतः ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडली, करार वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे ही तक्रार सापासाठी आहे?"

"तक्रार घरासाठी आहे. घरात साप आहे."

"त्याला एखादं पांघरूण घालून बघा ना."

यावर मी हसायला हवं होतं. मी त्यांना पाच मिनिटं समजावत बसले की पांघरूण आपली ऊब धरून ठेवतं, सापाकडे धरून ठेवायला ऊब नसतेच, गार साप पांघरुणात गारच राहतो. बाईंनी ते मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "ऑनलाइन तक्रार टाका."

तीन आठवडे गेले यात. त्यातल्या कित्येक रात्री मी गजर लावून उठले, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. दिवसा माझी नोकरी, दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, वर नवऱ्याचं "आपणच एक वेगळा हीटर घेऊ या का?" आहे. अरे, भाडं हीटसकट देतो ना आपण!

डोकं शांत झाल्यावर शहराचा नियम वाचला. तो पहिल्याच दिवशी वाचायला हवा होता. शिकागोत 15 सप्टेंबर ते 1 जून या काळात, हीट मालकाकडे असेल तर सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहा किमान 68 आणि बाकी रात्रभर किमान 66 फॅरेनहाइट ठेवणं बंधनकारक आहे. आमच्याकडे 57. साप राहू दे बाजूला, ही माणसांची मर्यादा आहे. नऊ रात्रींच्या नीचांकांचे तारखेसकट फोटो काढले होतेच. 311वर, म्हणजे शहराच्या तक्रार-क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक फोटोंसह ऑफिसला ईमेल केला. त्या ईमेलमध्ये सापाचा उल्लेख मी जाणूनबुजून टाळला.

दुसऱ्याच दिवशी वेगळा माणूस आला, वयस्क प्लंबर. त्याने बंदूक काढलीच नाही. रेडिएटरच्या कडेचा बोटाएवढा चकचकीत नळकांडा दाखवून म्हणाला, "एअर व्हेंट तुंबलाय." वाफ आत यायची तर आधी आतली हवा बाहेर जायला हवी. व्हेंट तुंबला की हवा हळूहळू निघते. दिवसा बॉयलर बराच वेळ चालतो, म्हणून उशिरा का होईना रेडिएटर तापतो. रात्री मालकाने बॉयलर कमी केलेला, तो थोडाच वेळ चालून बंद होतो, तेवढ्यात वाफ आमच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून अकरा वाजता येणाऱ्याला सगळं आलबेल. नवा व्हेंट बसवायला त्याला दहा मिनिटं लागली. जाताना बॉयलरची रात्रीची पातळीही वाढवून गेला. त्या पहाटे खोलीचा नीचांक 67.

पेटीचं काम आमच्याकडे उरलं. जाळीच्या झाकणाचा दोन-तृतीयांश भाग वरून फॉइलने झाकला, मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून फोमचे तक्ते लावले. एवढ्यानेच सहा-सात अंशांचा फरक पडला, हीटर तोच. मात्र हा हीटर हवा कोरडी करतो, त्यामुळे पाण्याचं भांडं मोठं केलं. हीटरला जाळीचा पिंजरा हवाच, साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. होल्डरही चिनी मातीचाच, प्लास्टिकचा वितळतो. आणि ठरल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. त्याची वायर पेटीच्या आत चिकटपट्टीने तर अजिबात नाही, सापाच्या खवल्यांना ती चिकटली की सोलून निघत नाही; प्लास्टिकच्या बंदाने बांधा. तापमान वायरच्या टोकाला मोजलं जातं, ते टोक सरकलं तर हीटर चालूच राहतो, म्हणून रोज झोपताना मी ते बोटाने चाचपते.

पुण्याच्या एका मैत्रिणीने विचारलं म्हणून सांगते: भारतीय अजगर घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ते उरकलं की मग रात्रीचं बघ. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातही पारा दहाच्या आसपास येतो आणि तिथे तर रेडिएटरही नाही.

आठवं इंजेक्शन झाल्यावर शिट्टी थांबली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाळूने उंदीर घेतला, रात्री पावणेदोनला. मी तेव्हा जागी होते, थर्मामीटर बघायला उठले होते. 79.