खोक्याखालचे पाय

“खाली कोण आहे?” मी विचारलं, आणि ते जरा मोठ्यानेच विचारलं गेलं.

आमच्या कारखान्याचे म्हातारे स्टोअरकीपर शेजारी बसले होते. देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे आपल्याकडे जसं बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, “खाली? खाली जमीन आहे, ओगा.” ओगा म्हणजे इकडचं ‘साहेब’.

मागच्या बाकावरच्या बायका खुसखुसल्या. मी गप्प बसलो.

समोरच्या मैदानात टेबलाएवढं एक खोकं आपलं आपण चालत होतं. चारही बाजूंनी सुक्या गवतासारखी झालर आणि वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. खोक्यावर हातभर उंचीची लाकडी बाई शिलाई मशिनवर वाकून बसलेली. मशिनचं चाक फिरायचं, बाईचा हात कापड पुढे सरकवायचा, मधूनच ती मान वर करून लोकांकडे बघायची आणि पुन्हा खाली वाकायची. ती मान वर करण्याची वेळ इतकी नेमकी होती की प्रत्येक वेळी हशा पिकत होता. आणि झालरीच्या खाली, ऐन चारच्या उन्हात, दोन पाय अगदी स्वच्छ दिसत होते. धुळीने पांढरे पडलेले. पायांत निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल, उजवीचा अंगठा तुटलेला आणि तारेने बांधलेला.

हे पाय मैदानातल्या पोरासोरांना, आयाबायांना, सगळ्यांनाच दिसत होते. बोललो मी एकटाच.

घरच्यांना नेहमी प्रश्न पडतो की मी नक्की कुठे आहे, म्हणून थोडं मागून सांगतो. नायजेरिया म्हटलं की आपल्याकडे लागोसच्या पुढे नकाशा जात नाही. मी असतो तिथून बऱ्याच आत, मध्यभागातल्या बेन्यू राज्यात, गबोको गावी. गबोको म्हणजे तिव लोकांच्या पारंपरिक राजाची, ‘तोर तिव’ची गादी असलेलं गाव. बेन्यूच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘देशाची अन्नाची टोपली’ अशा अर्थाची ओळ असते, आणि ती खोटी नाही. संत्री, तीळ, आणि मुख्य म्हणजे यॅम. आपल्या कोनफळाचा हा आडदांड पांढरा भाऊ. तो उकडून उखळात कुटतात. संध्याकाळी गल्लीतून चाललं की घराघरांतून मुसळांचा ठेका ऐकू येतो. मी कुडाळचा. आमच्याकडे पोहे कांडायचे तेव्हा असाच आवाज यायचा, असं आजी सांगायची.

तर हा खेळ म्हणजे ‘क्वाघ-हिर’. क्वाघ म्हणजे वस्तू, गोष्ट. हिर म्हणजे जादूची, अचंबा वाटेल अशी. लाकडी बाहुल्या, मुखवटे घातलेली सोंगं, ढोल, गाणी, नाच आणि हे सगळं बांधून ठेवणारा एक तोंडाळ निवेदक, असा तो एकत्र मामला असतो.

याचं मूळ घरातल्या गोष्टींत आहे. शेतातून आल्यावर, जेवणं झाल्यावर, चांदण्यात बसून सांगायच्या त्या गोष्टींना ‘क्वाघ-अलोम’ म्हणतात. अलोम म्हणजे ससा. आपल्या गोष्टींत लबाडीचं खातं कोल्ह्याकडे असतं, इथे ते सशाकडे आहे. अलोम हत्तीला फसवतो, चित्त्याला फसवतो आणि कधीकधी स्वतःच्याच फासात अडकतो. स्टोअरकीपर सांगत होते की गोष्ट सांगणारा एकटा कधीच बोलत नसे. मध्येच गाणं यायचं, ऐकणाऱ्यांनी ते उचलायचं, आणि ज्याच्या गोष्टीत गाणं चांगलं तो खरा गोष्टीवाला. पुढे सांगणारे नुसतं सांगेनात. ते उठून उभे राहिले, अभिनय करू लागले, हाताशी लाकूड घेऊ लागले.

आजच्या स्वरूपातल्या क्वाघ-हिरचा जनक म्हणून अदिक्पो सोंगो यांचं नाव घेतात, आणि काळ सांगतात १९६० च्या आसपासचा. हा काळ महत्त्वाचा आहे. १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी तिव मुलुखात दंगे पेटले. १९६४ मध्ये पुन्हा पेटले. तिव लोक तेव्हाच्या उत्तर प्रांतात मोडायचे. प्रांतात सत्ता एका पक्षाची, तर तिव बहुसंख्येने जोसेफ तार्का यांच्या विरोधी पक्षाच्या मागे. कर, स्थानिक न्यायालयं, सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे मुखिया, सगळ्यांवरच राग होता. पहिल्या दंग्याचं तिव नाव ‘जाळपोळ’ अशा अर्थाचं आहे आणि दुसऱ्याचं ‘डोकी फोडणं’ अशा अर्थाचं. अशा दिवसांत चौकात उभं राहून साहेबाविरुद्ध बोलणाऱ्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. पण लाकडाची बाहुली बोलली तर? तिला कोण पकडून नेणार?

म्हणून तर “खाली कोण आहे” हा प्रश्न विचारायचा नसतो. विचारायचाच झाला तर उत्तर ठरलेलं: ही ‘अजोव’ची करामत. अजोव म्हणजे डोंगरात, ओढ्याकाठी, रानात राहणारे अदृश्य जीव. आमच्या कोकणातल्या राखणदार-म्हारक्यांच्या गोतावळ्यातलेच वाटतात, फक्त हे जास्त खोडकर. मैदानात येणारी मोठी सोंगं पुष्कळदा त्यांचीच. त्या दिवशी एक असं आलं की बारकी पोरं खरोखर पळाली. लांबुळका लाकडी चेहरा, ऑइलपेंटने रंगवलेला, कपाळ लाल, गाल पांढरे, तोंडात खरेखुरे वाटणारे दात, आणि मानेपासून पायापर्यंत गवताचा घोळ. ते मैदानाच्या मध्यभागी येऊन नुसतं उभं राहिलं. ढोल थांबले. मग त्याने चेहरा हळूहळू डावीकडे वळवला. एवढंच. अंगावर काटा आला म्हणून सांगतो.

ढोलांना इथे ‘अगबांदे’ म्हणतात. पुढचं सोंग काय आहे हे मला कळायच्या आत लोकांना त्यांच्या ठेक्यावरून कळत असावं, कारण माना आधीच वळलेल्या असायच्या.

दशावतार बघत वाढलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटतं. फरकही तिथेच दिसतो. आमच्याकडे ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. राजाचं काम कोण करतो, त्याचं घर कुठलं, तो कितव्या पेल्यानंतर चांगला बोलतो, हे सगळ्या वाडीला पाठ असतं आणि त्याचा त्याला अभिमानही असतो. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचं काम वरून, सुतावर चालतं. इथे सगळं खालून, काठ्या आणि दोऱ्यांवर, एका अंधाऱ्या खोक्यात वाकून, तेही चालता चालता. आणि एवढं करून नाव नाही. नाव गावाचं. गावोगावचे संच एकमेकांविरुद्ध उतरतात, जिंकतं ते गाव. बाहुल्या कोरणारा, गाणी रचणारा, खोक्याखालचा, सगळे त्या गावात विरघळलेले.

शिंपिणीनंतर मोटरसायकल टॅक्सीवाला आला, पाठीमागे तीन प्रवासी आणि एक बकरी. त्याच्यामागून दुसऱ्या खोक्यावर पोलीस. पोलिसाचा एकच हात हलत होता. तो पुढे यायचा, उघडायचा, मिटायचा, खिशाकडे जायचा. निवेदक तिवमध्ये काहीतरी म्हणाला आणि अख्खं मैदान लोळायला लागलं. मी अर्थ विचारला. स्टोअरकीपर डोळे पुसत म्हणाले, “तो म्हणतो, बिचाऱ्याच्या हाताला आजार आहे, औषध द्या.” कडेला बंदोबस्ताला खराखुरा पोलीस उभा होता. तोही हसत होता. दुसरं करणार काय? बाहुलीवर रागावलेला माणूस बाहुलीपेक्षा हास्यास्पद दिसतो.

२०१९ मध्ये युनेस्कोने क्वाघ-हिरला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गबोकोत कुणाशी बोलताना हा विषय आपणहून निघालेला मला आठवत नाही. यॅमचा भाव मात्र निघतो.

आणखी एक गोष्ट निघते, ती म्हणजे रस्ते. खरं तर हा रात्रीचा खेळ. कंदील, शेकोटी, आजूबाजूला गच्च अंधार, आणि त्यात तरंगणारी उजळ बाहुली. पण बेन्यूत शेतकरी आणि गुराखी यांच्यातला हिंसाचार कित्येक वर्षं चालू आहे, गावंच्या गावं उठून छावण्यांत गेली आहेत. आम्ही गेलो तो खेळ म्हणूनच दुपारी ठेवलेला. अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं होतं. स्टोअरकीपरना ते मनापासून लागलं होतं. “उन्हात सोंग म्हणजे आंघोळ करताना पाहुणे येणं,” ते म्हणाले. रात्री असतो तर ते पाय मला दिसलेच नसते, आणि मी तो प्रश्नही विचारला नसता.

साडेपाचला सगळं आवरलं. खोकी जशी आली तशीच चालत एका गवती कुंपणामागे गेली. कुंपणाच्या तोंडाशी दोन दांडगे तरुण उभे होते. मी तिकडे बघत नाही असं दाखवत गाडीत बसलो.

सोमवारी वेल्डिंग शॉपमध्ये गेलो. आमचा एक वेल्डर गेटच्या सांध्याला टाके मारत उकिडवा बसला होता. बूट घालायची सक्ती आहे, पण त्याचे बूट शेजारी काढून ठेवलेले. पायांत निळ्या पट्ट्याची चप्पल. उजवीचा अंगठा तारेने बांधलेला, आणि बांधणी पक्की, वेल्डरच्या हातची.

त्याने काच वर केली. “म्सुघ, ओगा.”

“म्सुघ. शनिवारी क्वाघ-हिरला आला होतास?”

“नाही ओगा. शेतावर होतो. यॅम काढायचे होते.”

“मी गेलो होतो. ती शिंपीण फार छान होती.”

त्याने काच खाली घेतली. “असं ऐकलं,” तो आतून म्हणाला.

बुटांचं मी त्या दिवशी काही बोललो नाही.