पीआरव्हीच्या जागी टर्बाइन: साइझ ठरवताना

आमच्या बॉयलरची वाफ १० बारची, प्रोसेसला लागते साडेतीन बारची. मधे पीआरव्ही, म्हणजे वाफेचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह. वाफ तिथून किंचाळत जाते, दाब उतरतो आणि पदरात काहीच पडत नाही. तिथे बॅकप्रेशर टर्बाइन, म्हणजे दाब उतरताना वीज काढून घेणारं आणि वाफ पुढे प्रोसेसला देणारं यंत्र, बसवायचं हे सगळ्यांना पटलं होतं. घोडं अडलं होतं ते केवढं बसवायचं यावर.

कोटेशनं आली ती पीक फ्लो, म्हणजे वाफेची सर्वाधिक मागणी धरून, ताशी १० टन. एवढ्या दाबफरकात संपृक्त वाफेतून किलोमागे फार तर १६५ किलोज्यूल काम निघू शकतं. छोटं सिंगल-स्टेज यंत्र त्यातलं निम्मं पकडतं, म्हणजे साधारण २२० किलोवॅट. त्याला वर्षाच्या तासांनी गुणलं की पेबॅक (पैसे वसूल व्हायचा काळ) झकास दिसतो.

मी फ्लोमीटरच्या तासातासाच्या नोंदी काढून उतरत्या क्रमाने लावल्या. दहा टन अगदी मोजके तास, बाकी बहुतेक वर्ष सहाच्या आसपास. मोठं यंत्र सहा टनांवर चालवलं तर वाफ कमी आणि वर कार्यक्षमताही घसरलेली, म्हणजे दुहेरी मार. सहा टनांचं यंत्र मात्र जवळपास पूर्ण लोडवर चालतं; वरची वाफ समांतर पीआरव्हीतून जाऊ द्यायची. तो तसाही ठेवावाच लागतो, टर्बाइन ट्रिप झालं तरी प्रोसेस थांबून चालत नाही.

मग अकाउंट्सवाले म्हणाले, "वाफ तीच, म्हणजे वीज फुकटच की!"

"फुकट नाही हो," म्हटलं. एका युनिटमागे ३,६०० किलोज्यूल वाफेतूनच जातात. प्रोसेसची उष्णता तेवढीच राखायची तर बॉयलरला ती भरून द्यावी लागते. बॉयलर ८० टक्के कार्यक्षमतेचा असेल तर इंधनातून ४,५०० किलोज्यूल. तरी फायदाच, कारण औष्णिक केंद्रात युनिटमागे याच्या दुपटीहून जास्त उष्णता जळते. पण इंधनाचा हा खर्च न धरलेला पेबॅक मी तरी मानत नाही.

शेवटी सगळ्या पुरवठादारांकडे चार, पाच आणि सहा टनांवरच्या किलोवॅटची लेखी हमी मागितली. एकाने फक्त फुल लोडचा आकडा पाठवला; त्याचं कोटेशन सर्वांत स्वस्त होतं. ते बाजूला ठेवलं. ऑर्डर सहा टनांच्या यंत्राची गेली, इनलेटला मॉइश्चर सेपरेटरसकट (वाफेतलं पाणी वेगळं करणारा).