हॉपी बिअर गाळली की नेमकं काय जातं?

बिअर गाळली की हॉप (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) जातो, असं सरसकट म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. फिल्टरमध्ये थोडं जातंच. पण गाळलेल्या आयपीएचा (भरपूर हॉप घातलेल्या बिअरचा) वास आठवड्याभरात पार उडाला, तर बहुतेक वेळा त्याला कारण असते गाळताना आत शिरलेली हवा, आणि नाव मात्र फिल्टरचं खराब होतं. हे दोन तोटे वेगळे काढता आले, तरच आपली बिअर गाळायची की नाही हे ठरवता येतं.

आधी दिसण्याचं बघू. ग्लासातला गढूळपणा एका जातीचा नसतो. यीस्टची पेशी साधारण 5 ते 10 मायक्रॉनची. हॉप पेलेटचा (दाबून केलेल्या हॉपच्या गोळ्यांचा) चुरा डोळ्यांना दिसणाऱ्या कणांपासून ते अगदी बारीक धुळीपर्यंत. हे दोन्ही गाळायला फार कष्ट नाहीत. 5 मायक्रॉनच्या छिद्रांचं फिल्टर पॅडही त्यातलं बरंच अडवतं, 1 मायक्रॉनचं जवळजवळ सगळं. खरी गोची तिसऱ्या जातीची: माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रोलिनयुक्त प्रथिनं आणि माल्ट-हॉप्समधली पॉलिफेनॉल्स ही तुरट द्रव्यं एकमेकांना धरतात तेव्हा होणारं हेझ, म्हणजे धुरकटपणा. बिअर कोमट असताना ही पकड सैल असते आणि सगळं विरघळलेलं राहतं. तापमान शून्याच्या आसपास आलं की त्यांच्या गुठळ्या होतात, त्याही बहुतेक 1 मायक्रॉनपेक्षा लहान. ड्राय हॉपिंग (न उकळता, आंबताना किंवा आंबल्यावर हॉप घालणं) जितकं जास्त, तितकी पॉलिफेनॉल्स जास्त, म्हणून हॉपी बिअरमध्ये हे दुखणं हटकून येतं.

फिल्टरिंगमधली सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच आहे. 12 अंशांवर गाळलेली बिअर केगमध्ये (बिअरच्या पिंपात) जाताना काचेसारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढली की पुन्हा धुरकट. दोष पॅडचा नाही. गाळताना ते हेझ तयारच झालेलं नव्हतं, तर अडणार कसं? गाळण्याआधी बिअर 0 ते 1 अंशावर किमान 48 तास ठेवायची आणि त्याच तापमानाला गाळायची. मधली नळी लांब असेल आणि खोली गरम असेल, तर तेवढ्यातही बिअर दोन-तीन अंश चढते. नळी आखूड ठेवा, फिल्टरही आधी थंड करून घ्या.

गढूळपणा कुठला हे ओळखायला उपकरण लागत नाही. ग्लास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गढूळपणा विरला तर चिल हेझ, म्हणजे थंडीत होणारं ते प्रथिनं-पॉलिफेनॉल्सचं हेझ. नाही विरला तर यीस्ट, हॉपचा चुरा, स्टार्च किंवा जुनं होऊन पक्कं झालेलं हेझ. आयोडीनचा थेंब टाकल्यावर बिअर निळी-काळी झाली तर स्टार्च. तो मॅशमधला (धान्य गरम पाण्यात भिजवण्याच्या टप्प्यातला) दोष आहे, त्यावर फिल्टर हा उपाय नव्हे.

रंगही बदलतो. गढूळ बिअरमधले कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे ती फिकट पिवळी दिसते. तीच बिअर गाळली की एखाद-दोन छटांनी गडद, सोनेरी वाटते. तिच्यात रंग वाढलेला नसतो. प्रयोगशाळेत बिअरचा रंग 430 नॅनोमीटरला मोजतात, तोही नमुना नितळ करूनच, तो याचसाठी. रेसिपीत क्रिस्टल माल्ट (रंग गडद करणारं माल्ट) घालताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता चव. कडवटपणा देणारी आयसो-अल्फा आम्लं बिअरमध्ये विरघळलेली असतात. 0.45 मायक्रॉनच्या छिद्रापुढे तो रेणू अगदीच चिमुकला, तो सरळ पार होतो. तरी कडवटपणा थोडा उतरतो, कारण ही आम्लं यीस्टच्या पेशींना चिकटलेली असतात आणि यीस्टबरोबर निघून जातात. काही पॅडलाही चिकटतात. जिभेला मात्र फरक आकड्यापेक्षा मोठा वाटतो. घशाशी खवखवणारा, हिरवट, तुरट असा जो हॉप बर्न म्हणतात, तो मुख्यतः तरंगणाऱ्या चुऱ्याचा आणि पॉलिफेनॉल्सचा. गाळल्यावर तो झटक्यात कमी होतो. न गाळता एक-दोन आठवडे थंडीत ठेवलं तरी कमी होतो, हेही खरं. घाई नसेल तर थंडी हाच सर्वात स्वस्त फिल्टर. यीस्ट गेल्याने पावासारखा वास आणि तोंडात जाणवणारा भरीवपणाही उतरतो. वेस्ट कोस्ट आयपीएत (नितळ, कडवट धाटणीच्या आयपीएत) हे हवंच असतं, कडवटपणाची धार स्वच्छ लागते.

वासाचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. हॉपच्या तेलातला मायर्सीन, म्हणजे तो रेझिनसारखा, ताज्या हिरव्या पाल्याचा वास, पाण्याशी अजिबात जमवून घेत नाही. यीस्ट, हॉपचा चुरा, पॅडचे तंतू, प्लॅस्टिक, जे मिळेल त्याला तो चिकटतो आणि तिथेच राहतो. लिनालूल आणि जेरॅनिऑल हे फुलांच्या, लिंबाच्या अंगाचे वास पाण्यात बरे विरघळतात, ते बऱ्यापैकी शाबूत पार होतात. म्हणजे गाळल्यावर वास सगळाच कमी होतो असं नाही, त्याचा तोल बदलतो: रेझिन मागे, फुलं पुढे. म्हणूनच ‘गाळायचीच आहे तर हॉप्स दहा टक्के जास्त घालू’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. त्याने मायर्सीनची तूट भरत नाही आणि पॉलिफेनॉल्स मात्र वाढतात. गाळल्यानंतर ड्राय हॉप केलं तर वास वाचतो, पण चुरा आणि हेझ पुन्हा हजर. मग गाळलं कशाला?

प्रत्यक्ष गाळताना 20 लिटरच्या केगसाठी क्रम असा. आंबणं पूर्ण झालंय याची खात्री करा आणि डायअसेटिलची (लोण्याचा वास देणाऱ्या द्रव्याची) चाचणी घ्या. थोडी बिअर झाकून 60 ते 70 अंशांवर 20 मिनिटं ठेवायची, थंड करायची आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगायची. लोण्यासारखा वास आला तर थांबा. ड्राय हॉपिंगनंतर हॉपमधली एन्झाइम्स साखर मोकळी करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि डायअसेटिलचा कच्चा माल तयार होतो. अशा वेळी यीस्ट गाळून टाकलं, तर पुढे बनणारं लोणी साफ करायला कोणी उरतच नाही.

पॅड पाण्यात भिजवून बसवा, खडबडीत बाजू बिअर येते त्या दिशेला. मग आठ-दहा लिटर गार पाणी त्यातून सोडा आणि शेवटचं पाणी चाखा. कागदाची चव लागली तर अजून सोडा, नाहीतर तीच चव बिअरमध्ये उतरेल. त्यानंतर सॅनिटायझर.

आता हवेचा बंदोबस्त. रिकाम्या केगमध्ये नुसता कार्बन डायऑक्साइड फुंकून हवा जात नाही, ती मिसळते. केग सॅनिटायझरच्या पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी गॅसच्या दाबाने बाहेर ढकला. फिल्टरमधलं पाणीही गॅसनेच ढकलायचं. कार्ट्रिज (नळकांड्यासारखा फिल्टर) वापरत असाल तर त्याच्या डब्यात वर हवेचा फुगा अडकतो, तो डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायला विसरू नका. मोठ्या ब्रुअरीत पॅक झालेल्या बिअरमधला ऑक्सिजन 50 पीपीबीच्या (अब्जात 50 भागांच्या) आत ठेवायची धडपड असते. घरच्या फिल्टरची एक सैल क्लिप त्याच्या कित्येक पट हवा आत घेते. त्याची फळं ठरलेली: आधी फळांचा वास मंदावतो, मग मधासारखा गोडसर वास, रंग तपकिरीकडे, शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव.

दाब 0.2 ते 0.3 बार पुरतो. धार मंदावली की दाब वाढवायचा मोह होतो, तो टाळा. जादा दाबाने अडकलेला गाळ पॅडमधून पुढे ढकलला जातो किंवा कडेने गळती लागते. पॅड बदला, किंवा आधी 5 आणि मग 1 मायक्रॉन असं दोन टप्प्यांत घ्या. बिअर कार्बोनेट करण्याआधी (तिच्यात गॅस मुरवण्याआधी) गाळायची, नाहीतर फिल्टरमध्येच फेस होतो, धार अडते आणि ग्लासात फेस धरणारी प्रथिनं तिथेच खर्ची पडतात. पहिला अर्धा-एक लिटर पाणचट असतो, टाकून द्या. कार्ट्रिज घेताना ‘नॉमिनल’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ यांतला फरक पाहा. नॉमिनल 1 मायक्रॉनमधून त्याहून मोठे कणही काही प्रमाणात सुटतात, दुसऱ्यातून जवळजवळ नाहीत. 0.5 च्या खाली गेलात तर बाटलीत साखर घालून गॅस तयार करणं विसरा, यीस्टच उरत नाही.

फक्त नितळपणा हवा असेल तर फिल्टरशिवायही भागतं. 20 लिटरला 2 ग्रॅम जिलेटिन, 65 अंशांच्या पाण्यात विरघळवून थंड बिअरमध्ये घातलं की दोन-तीन दिवसांत बरंच काम होतं. शाकाहारी मंडळींसाठी सिलिका सोल (पाण्यात तरंगणारी अतिबारीक सिलिका) आहे. पॉलिफेनॉल्ससाठी पीव्हीपीपी (त्यांना धरून ठेवणारी न विरघळणारी पावडर), हेक्टोलिटरला (100 लिटरला) 20 ते 50 ग्रॅम, पण तो बिअरमध्ये राहू द्यायचा नाही, खाली बसवून किंवा गाळून काढायचा. पेल एलला (आयपीएहून सौम्य बिअरला) माझ्या मते यापुढे जायची गरजच नाही.

आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या हेडी टॉपर या बिअरच्या वाटेने जाणारी धुकट न्यू इंग्लंड आयपीए? ती गाळू नका. तिचं बरंचसं हेझ इतकं बारीक असतं की 1 मायक्रॉन त्याला पुरा पडत नाही, ओट्स-गव्हाच्या प्रथिनांनी पॅड मात्र तुंबतं. हाती येते वास उतरलेली आणि तरीही गढूळ बिअर.

शंका असेल तर एक बॅच दोन केगमध्ये विभागा. एक भाग गाळा, दुसरा त्याच पद्धतीने, त्याच नळ्यांनी, फक्त फिल्टर वगळून हलवा. अपारदर्शक कपांत 7-8 अंशांवर तीन नमुने द्या, दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. काचेचा ग्लास नको. गढूळ बिअर दिसली की ती जास्त फळांची वाटते, डोळे आधीच निकाल देऊन बसतात. हीच चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा करा. पहिल्या दिवशी दिसलेला फरक फिल्टरचा. त्यानंतर जेवढा वाढला, त्यासाठी क्लिपा आणि जोड तपासा.