आमची वाटचाल: एका फेऱ्यात किती मिलिमीटर?

एक ऐरण, एक भट्टी, मी आणि धाकटा भाऊ, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. हातोड्यांची डोकी, सांडशी, छिन्न्या ही आमची कामं. पहिली दोन वर्षं सगळं घणावर. त्यात सर्वांत जिवावर यायचं ते हातोड्याच्या डोक्यात दांड्याचं भोक पाडणं. एकाने पंच धरायचा, दुसऱ्याने घण मारायचा, आणि पंच जरा तिरपा गेला की आख्खा तुकडा भंगारात.

तिसऱ्या वर्षी पैसे साठले तशी आम्ही जुनी फ्लाय प्रेस घेतली. हे हाताचं यंत्र: दांड्याने वरचं जड चाक फिरवलं की मधला स्क्रू फिरतो आणि रॅम, म्हणजे पंच लावायचा ठोकळा, खाली दाबतो. घेताना काय बघितलं? ढाचा जाड आहे ना, तडा नाही ना, स्क्रू वाकलेला नाही ना. स्क्रू चांगला जाडजूड होता, त्यावर चौकोनी आटे जवळजवळ बसलेले, दिसायला सुबक. बारीक आटे म्हणजे जोर जास्त, असं आम्ही धरून चाललो.

पहिलाच तुकडा पिवळा तापवून पंचाखाली ठेवला. भावाने दांडा फिरवला. फेऱ्यामागून फेरे झाले, पंच लोखंडाला टेकला, थोडा आत गेला आणि तिथेच अडकला. दांडा उलटा फिरवायला दोघं लागलो. तोवर तुकडा काळा पडला होता आणि पंचाचं टोक मऊ होऊन दबलं होतं. असे पाच पंच आम्ही घालवले. तेल बदललं, रॅमला सरळ धरणारे गाईड सैल केले, दांड्यावरचं वजन वाढवलं. फरक नावापुरता.

मग एका संध्याकाळी भावाने चाकाच्या कडेवर खडूने रेघ मारली, रॅमशेजारी मोजपट्टी उभी धरली आणि बरोबर एक फेरा फिरवला. रॅम 12 मिलिमीटर उतरला. फक्त 12. इतकी वर्षं लोखंडात घालवून आम्ही ही साधी गोष्ट कधी मोजली नव्हती.

पिच म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर. पण एका फेऱ्यात रॅम किती उतरेल ते लीडवर ठरतं, आणि लीड म्हणजे पिच गुणिले स्टार्ट, म्हणजे आट्यांच्या वेगळ्या वाटा किती ते. स्क्रूवर आट्याची एकच वाट असेल तर पिच आणि लीड एकच. तीन वाटा शेजारी शेजारी गुंडाळलेल्या असतील तर लीड पिचच्या तिप्पट. आमच्या स्क्रूचा मधला व्यास 60 मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण 188. त्यावर 12 मिलिमीटरचा चढ म्हणजे साडेतीन अंशांच्या जरासा वर. तेल घातलेल्या स्क्रू-नटमध्ये घर्षण गुणांक 0.1 च्या आसपास धरला, तर साडेपाच-सहा अंशांपेक्षा कमी चढाचा स्क्रू खालून कितीही रेटलं तरी उलटा फिरत नाही. जॅकमध्ये नेमकं हेच हवं असतं. गरम कामात मात्र पंच लोखंडात रुतून बसतो.

दुसरी प्रेस घेताना खिशात खडू होता. तीन स्टार्ट, 20 चा पिच, लीड 60. व्यास तोच, चढ सुमारे साडेसतरा अंश. ठोका बसला की स्क्रू स्वतःच उसळी खातो आणि दांडा हातात परत येतो. एक ठोका, पंच पाण्यात बुडवायचा, भोकात चिमूटभर कोळशाची पूड, दुसरा ठोका. एका तावात, म्हणजे एकदाच तापवून, खालून चकती पडली. त्या दिवशी आम्ही दोघंही काही बोललो नाही, नुसते त्या चकतीकडे बघत राहिलो.

कारण वेळेत आहे. चाक सेकंदाला दीड फेरा फिरतंय आणि पंचाला 10 मिलिमीटर आत जायचंय, असं धरा. 12 च्या लीडवर तेवढ्यात चाक 300 अंश फिरतं, म्हणजे वेग उतरत उतरत थांबेपर्यंत एक सेकंदाहून जास्त. 60 च्या लीडवर 60 अंश, सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा. तेवढाच कमी वेळ गार पंच लोखंडाची उष्णता ओढतो. शिवाय बारीक लीडमध्ये निम्म्याहून जास्त ताकद आट्यांच्या घर्षणातच जिरते.

किती टनाची प्रेस आहे, असं गिऱ्हाइकं विचारतात. या यंत्राला ठरलेला टनेज नसतो. चाकात साठलेली ऊर्जा किती अंतरात संपते त्यावर जोर ठरतो. 500 ज्यूल 10 मिलिमीटरमध्ये संपले तर सरासरी पाच टन, 1 मिलिमीटरमध्ये संपले तर पन्नास. म्हणून मध्ये काम न ठेवता डायवर डाय (डाय म्हणजे आकार देणारा साचा) रिकामा ठोका मारायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. ढाच्याला तडा जातो तो तिथे.

मोठ्या लीडचंही एक दुखणं आहे, ते आम्हाला सांडशीच्या कामात कळलं. डाय उंच बनवला आणि ठोका एकदम मेला. रॅम आणि कामामध्ये 30 मिलिमीटरच उरले होते, म्हणजे अर्धा फेरा. तेवढ्यात हाताला चाकाला वेग देता येत नाही. डाय बुटका केला आणि ठोक्यात जीव आला. दुसरं म्हणजे असा रॅम स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकू शकतो. डाय बदलताना खाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. आणि दांड्याच्या फेऱ्यात कुणाचं डोकं येता कामा नये, तिथे जमिनीवर पिवळी रेघ आहे.

नट झिजला तेव्हा मी चूक केली. कागदावर पिच 20 लिहिलं, तीन स्टार्ट लिहायचं राहिलं. लेथवाल्याने एका स्टार्टचा सुरेख गनमेटलचा नट कापून दिला. तो आमच्या स्क्रूवर चढलाच नाही. त्याने कागदाबरहुकूम काम केलं होतं, पैसे मी पूर्ण दिले. आता नट पाठवताना स्क्रूच सोबत जातो.

पहिली प्रेस विकली नाही. थंड पट्टी स्टॉपरपर्यंत वाकवायला, वाकडी सळई सरळ करायला तिच्यासारखी दुसरी नाही. हळू उतरते, जिथे थांबवावी तिथे थांबते. मागच्या वर्षी दोन स्टार्टची, 40 च्या लीडची तिसरी आली. तिन्हींच्या ढाच्यावर पांढऱ्या रंगात ठळक आकडे आहेत: 12, 40, 60. सकाळी काम वाटताना यंत्राचं नाव कुणी घेत नाही. भोकं साठवर, सांडशीचे जबडे चाळीसवर, सळ्या बारावर.